अहवालावर सही माझीही आहे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : एका मोठ्या संस्थेत जबाबदारीच्या पदावर असलेल्या एका वाचक भगिनींनी पत्र लिहिले आहे. मागे त्यांच्या संस्थेच्या भांडारातील काही सामान कमी भरले आणि तेथील एका कंत्राटी मदतनिसावर संशय आला. चौकशीसाठी नेमलेल्या तिघांच्या समितीत या भगिनी होत्या. आपले म्हणणे मांडताना मदतनिसाने सांगितले होते की, ते सामान दुसऱ्या विभागाला दिलेले असून त्याची नोंद वेगळ्या वहीत आहे. ती वही मागवायची, असे भगिनींनी स्वतःच्या टिपणात लिहूनही ठेवले होते. परंतु शेवटची बैठक लांबली, अध्यक्षांना निघण्याची घाई होती, तिसरे सदस्य ‘सगळे स्पष्टच आहे’ असे म्हणाले, आणि अहवालावर तिघांच्या सह्या झाल्या. मदतनिसाचे काम गेले. काही महिन्यांनी जुने दप्तर चाळताना ती वही यांच्याच हाती लागली. तिच्यात नोंद होती, तारीख होती, सामान घेणाऱ्याची सहीही होती. हे त्यांनी अजून कोणालाच सांगितलेले नाही. त्या चालवत असलेल्या वाचनमंडळात सध्या अभिजात साहित्यातील अन्याय या विषयावर चर्चा चालू आहे. त्या विचारतात, “या पुस्तकांत अन्यायाचे कारण एक तर कोणी दुष्ट माणूस असतो, नाही तर सगळी समाजव्यवस्था. आमच्या समितीत दुष्ट कोणी नव्हते आणि व्यवस्था बदलणे माझ्या हातात नाही. मग मी काय करावे? राजीनामा द्यावा, की नाव न कळवता त्या माणसाला पैसे पाठवावेत? की तो एव्हाना कुठे तरी स्थिरावला असेल, त्याच्या जखमेवरची खपली काढू नये? आणि एवढेही मला ठरवता येत नसेल, तर इतकी वर्षे हे सगळे वाचून मी मिळवले काय?”

उत्तर :

तुमच्या पत्रातील ज्या विधानाबद्दल तुम्हाला स्वतःला शंका वाटत नाही, तेथूनच सुरुवात करू. अभिजात साहित्यात अन्यायाचे कारण एक तर दुष्ट माणूस असतो नाही तर व्यवस्था, असे तुम्ही लिहिता. ही पुस्तके एकदा वाचून बाजूला ठेवली की मनात उरते ते असेच काहीसे असते, हे खरे. पण त्यांतील जो प्रसंग तुमच्या चौकशीशी जुळतो, तो पुन्हा उघडून सावकाश वाचला, तर तेथे तुमच्या समितीतील तिघेही बसलेले दिसतील.

टॉलस्टॉयची ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी 1899 मध्ये प्रसिद्ध झाली. अनातोली कोनी या विधिज्ञाने सांगितलेल्या, प्रत्यक्ष घडलेल्या एका प्रकरणावरून ती सुचली आणि लिहून पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे गेली. तिच्यात कात्युशा मास्लोवा या स्त्रीवर एका व्यापाऱ्याला विष देऊन लुटल्याचा आरोप आहे. पेयात पूड तिनेच घातली होती, परंतु ती झोपेची पूड आहे अशी तिची समजूत करून दिलेली होती. ज्युरीत बसलेला नेख्ल्यूदोव तिला ओळखतो, कारण तरुणपणी तिला नादी लावून, हातात शंभर रुबलची नोट ठेवून निघून जाणारा तोच होता. आता ही गोष्ट दुष्ट उमरावाची आणि गरीब मुलीची आहे असे धरून आपण पुढे जातो, आणि ज्युरींच्या खोलीत काय घडते ते आपल्या नजरेतून निसटते.

त्या खोलीत कोणीही मास्लोवाचे वाईट चिंतत नाही. तिला ठार मारायचे नव्हते आणि पैसे तिने चोरले नाहीत, यावर सर्वांचे जवळजवळ एकमत होते. चूक होते ती उत्तर लिहिताना. ‘लुटण्याचा हेतू नव्हता’ हे शब्द उत्तरात येतात. ‘जीव घेण्याचा हेतू नव्हता’ हे शब्द घालायचे राहून जातात. का राहून जातात, हे टॉलस्टॉय एकेक करून सांगतो. असे उत्तर देता येते ही सूचना न्यायाधीश एरवी नेहमी देत असत; त्या दिवशी त्यांनी लांबलचक समारोप केला आणि नेमकी तीच सूचना राहिली. त्यांना सहाच्या आत एका स्त्रीला भेटायला जायचे होते. ज्युरींपैकी एक कर्नल आपल्या नात्यातल्या एका बाईची हकिकत लांबण लावून सांगत होता. नेख्ल्यूदोव स्वतःचे जुने प्रकरण बाहेर येईल या धास्तीने इतका अस्वस्थ होता की, गाळलेले शब्द त्याच्याही ध्यानात आले नाहीत. बाकीचे दमले होते आणि ज्या मताने लवकर सुटका होईल त्या मताला होकार द्यायला तयार होते. या सगळ्याचे फळ म्हणजे चार वर्षांची सक्तमजुरी आणि सैबेरिया.

तुमचे पत्र वाचताना हीच खोली डोळ्यांसमोर आली. मागवायची राहून गेलेली वही आणि लिहायचे राहून गेलेले चार शब्द ही एकाच जातीची चूक आहे. दमलेली माणसे, घाईत असलेला प्रमुख, आपापल्या काळजीत गुंतलेले सदस्य, आणि ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे असा एकच माणूस, जो त्या क्षणी खोलीत हजर नसतो. हे कारण दुष्टपणात मोडत नाही आणि ‘व्यवस्था’ या मोठ्या शब्दातही नीटसे बसत नाही. म्हणूनच ते नजरेआड राहते आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा घडते.

दुसरे उदाहरण व्हिक्टर ह्यूगोच्या 1862 मधील ‘ले मिझराब्ल’चे. भाकरी चोरल्याबद्दल जाँ वाल्जाँला पाच वर्षांची शिक्षा, पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत जाऊन एकूण एकोणीस वर्षे, आणि मग बिशपने दिलेली चांदीची मेणबत्तीदाने, एवढे बहुतेकांना ठाऊक असते आणि चर्चाही तेथेच थांबते. मला त्यातील फांतीनची बडतर्फी अधिक महत्त्वाची वाटते. जाँ वाल्जाँ आता मादलेन या नावाने नगराध्यक्ष आणि कारखानदार झालेला आहे. सज्जन आहे, उदार आहे. फांतीनला लग्नाशिवाय मूल झाले आहे हे कळल्यावर त्याच्याच कारखान्यातील देखरेखीची बाई तिच्या हातावर पन्नास फ्रँक ठेवते आणि नगराध्यक्षांच्या नावाने तिला कामावरून काढते. मादलेनला याचा पत्ताही नसतो. फांतीन मात्र तो निर्णय त्याचाच समजते, वर जाऊन दाद मागत नाही, आणि तिची परवड थेट मरणापर्यंत जाते. पुढे तिची गाठ पडते तेव्हा तो म्हणतो की मला हे ठाऊकच नव्हते, तू माझ्याकडे का आली नाहीस? ती का गेली नाही, याचे उत्तर वाचकाला ठाऊक असते. ज्याच्या नावाने आपल्याला हाकलले गेले, त्याच्याच दारात कोण जाईल? तुमचा मदतनीसही संस्थेकडे परत आला नाही, यावरून त्याने निकाल मान्य केला किंवा तो स्थिरावला, असा निष्कर्ष काढू नका. तो आला नाही, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे.

आता शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांना चारुदत्त आणि वसंतसेना परिचित आहेत, परंतु त्यांच्या प्रेमकथेच्या भरात नवव्या अंकातील न्यायसभा मागे पडते. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून तिला पाचोळ्याखाली झाकतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. न्यायाधीश लाचखाऊ नाही. सुरुवातीलाच तो न्यायदान किती अवघड आहे ते बोलून दाखवतो. शकाराची फिर्याद आज घेणार नाही, असेही तो आधी सांगतो. त्यावर शकार धमकी देतो की राजाला सांगून तुला काढायला लावीन आणि दुसरा न्यायाधीश बसवीन. फिर्याद त्याच दिवशी घेतली जाते, आणि हे लोक आपल्याला घाबरतात हे शकाराच्या लगेच लक्षात येते. पुढे सारे पुरावे परिस्थितीजन्य असतात. वसंतसेना चारुदत्ताकडे गेली होती, गाडी त्याची होती, उद्यानात कोणा स्त्रीच्या देहाचे अवशेष सापडले, आणि ऐन वेळी चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्याजवळचे तिचे दागिने भर सभेत खाली पडतात. वसंतसेना गेली असे समजून खचलेला चारुदत्त बचाव करायचे सोडून देतो आणि त्याचे गप्प राहणे कबुलीत जमा होते. न्यायाधीशाची शिफारस हद्दपारीची असते. राजा देहदंड देतो.

या नाटकातील एक व्यक्ती तुमच्यासाठी मुद्दाम पुढे आणतो. शकाराचा दास स्थावरक याला खरे काय ते माहीत असते. त्याला बेड्या घालून कोंडून ठेवलेले असते. चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत आहेत हे पाहून तो वरून उडी टाकतो आणि सर्वांसमोर सत्य सांगतो. शकार शांतपणे म्हणतो की याने चोरी केली म्हणून मी याला मारले, त्याचा हा राग काढतो आहे. झाले, दासाचा शब्द तेथेच संपतो. तुमच्या मदतनिसानेही खरे सांगितले होते, नेमके सांगितले होते, वही कोणती तेही सांगितले होते. विभागप्रमुखाने हेच वाक्य उच्चारले असते, तर वही त्याच बैठकीत टेबलावर आली नसती का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला एकदा विचारावा. व्यवस्था आपल्या हातात नाही असे तुम्ही म्हणता, पण कोणाचा शब्द तपासून पाहण्याच्या लायकीचा मानायचा, हे त्या संध्याकाळी तुमच्या हातात होते. तीच व्यवस्था. दूरवरच्या एखाद्या सिंहासनावर ती बसलेली नव्हती.

हे वाचून तुम्हाला दोषाचे ओझे वाढल्यासारखे वाटेल. ते नेमके किती आहे, हे सांगणारी एक जागा महाभारताच्या सभापर्वात आहे. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, हा द्रौपदीचा प्रश्न सभेत पडून राहतो. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून भीष्म उत्तर टाळतात. कौरवांपैकी एकटा विकर्ण उभा राहून बोलतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. तेव्हा विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. स्वतःचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्यात न्याय करण्याची वेळ प्रल्हादावर येते आणि तो कश्यपाला सल्ला विचारतो. कश्यप सांगतो की, ज्या सभेत निंद्य कृत्याची निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला, पाव वाटा करणाऱ्याला आणि उरलेला पाव गप्प बसलेल्या सभासदांना जातो. आणि निंदा झाली तर प्रमुख व सभासद दोघेही मोकळे होतात. ही वाटणी फार विचारपूर्वक केलेली आहे. सगळे पाप आपल्याच माथी आहे असे समजून झुरायची मुभा ती तुम्हाला देत नाही. अध्यक्षांनी घाई केली, मी नुसती सही केली, असे म्हणून सुटायचीही मुभा देत नाही. आणि तुमच्या बाबतीत सभा अजून संपलेली नाही. वही सापडल्यापासून ती नव्याने भरली आहे, कारण त्या संध्याकाळी जे फक्त राहून गेले होते, ते आता तुम्हाला माहीत आहे.

म्हणून कारणांचा शोध येथे पुरे. आता तुम्ही सुचवलेल्या उपायांकडे वळू.

राजीनामा आणि गुप्तपणे पाठवलेले पैसे, या दोन्हींत मला एकच अडचण दिसते. दोन्हींमुळे तुम्हाला हलके वाटेल. अहवाल होता तसाच राहील. तुरुंगात भेटायला आलेल्या नेख्ल्यूदोवला मास्लोवा जे सुनावते, ते याच कारणासाठी पुन्हा वाचण्यासारखे आहे. या जगात माझ्याकडून सुख घेतलेस, आता परलोकातली तुझी सुटकाही माझ्याच जिवावर करून घ्यायची आहे का, असा तिचा सवाल आहे. लग्नाची तयारी, जमिनीचा त्याग, तिच्यामागे सैबेरियापर्यंतचा प्रवास, हे सारे तो करतो, आणि ती त्याच्याशी लग्न करत नाही. त्याच्या मोठ्या त्यागांपेक्षा तिला प्रत्यक्ष उपयोगी पडतात त्या रुक्ष गोष्टी, म्हणजे वकील गाठणे, अपील करणे, अर्जांचा पाठपुरावा करणे. अपील फेटाळले जाते, पण दयेच्या अर्जावर सक्तमजुरी रद्द होऊन तिला साध्या हद्दपारीत ठेवले जाते. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्यातला कामी आलेला उपाय म्हणजे एक अर्ज. तुम्ही राजीनामा दिलात, तर त्या वहीबद्दल अधिकाराने बोलू शकणारी एकमेव व्यक्ती संस्थेतून बाहेर पडेल. पैसे नाव न सांगता पाठवलेत, तर त्या माणसाच्या नावावरचा डाग तसाच राहून वर तुमचे दान येईल, आणि ते कोणाचे व कशाबद्दल, हेही त्याला कळणार नाही.

‘तो स्थिरावला असेल, खपली कशाला काढायची’ हा युक्तिवाद मात्र अधिक गंभीर आहे, कारण तो त्याच्या भल्याचा वेष घेऊन येतो. ह्यूगोने एक संपूर्ण प्रकरण या युक्तिवादाला दिले आहे. शाँमाथ्यू नावाच्या भलत्याच माणसाला सफरचंदांच्या चोरीत पकडलेले असते, हाच जुना कैदी वाल्जाँ असे साक्षीदार शपथेवर सांगत असतात, आणि त्याला जन्मठेपेची मजुरी होणार असते. खरा वाल्जाँ रात्रभर स्वतःशी वाद घालतो. मी गेलो तर कारखाना बंद पडेल, शेकडो लोकांची पोटे माझ्यावर आहेत, आणि तो शाँमाथ्यू तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? वाटेत गाडीचे चाक मोडते आणि ते आज दुरुस्त होणार नाही असे कळल्यावर त्याला आनंद होतो. आपण तर निघालो होतो, नशिबानेच अडवले. मग एक म्हातारी दुसरी गाडी मिळवून देते आणि तो आनंद मावळतो. तो आरासच्या न्यायालयात पोचतो आणि निकाल लागण्यापूर्वी उभा राहून स्वतःचे नाव सांगतो. पुढे खरोखरच त्या गावाचा उद्योग बसतो. ह्यूगो ते लपवत नाही. किंमत मोजावी लागणार नाही, असे आश्वासन यातले कोणतेही मोठे पुस्तक देत नाही आणि मीही देणार नाही. सहकारी दुरावतील, वरिष्ठ नाराज होतील, ‘आता कशाला’ हे शब्द तुम्हाला पुष्कळदा ऐकावे लागतील. पण तो माणूस स्थिरावला आहे का हे शोधायला तुम्ही गेलेला नाही, आणि तोवर हे वाक्य त्याच्या सुखाबद्दल काही सांगत नाही. तुमच्या मोडलेल्या चाकाबद्दल सांगते.

काय करावे, यापेक्षा कोणत्या क्रमाने करावे हे कधी कधी अधिक मोलाचे असते. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात सोफोक्लीझने लिहिलेल्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकात, मनाई मोडून भावाच्या प्रेताला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडणाऱ्या राजा क्रेऑनला शेवटी चूक उमगते. वृंदप्रमुख त्याला सांगतो की आधी त्या मुलीला गुहेतून सोडव आणि मग उघड्यावर पडलेल्या प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन दोन्ही करतो, पण उलट्या क्रमाने. आधी प्रेताचा विधी यथासांग उरकतो आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. त्याने जिवंत माणसाकडे आधी जायला हवे होते. तुमच्या बाबतीत स्वतःच्या मनःशांतीचे विधी, मग ते राजीनाम्याचे असोत, दानाचे असोत की वाचनमंडळात मन मोकळे करण्याचे, हे सगळे नंतरचे आहे.

तेव्हा आधी ती वही सुरक्षित करा. घरी नेऊ नका; संबंधित पानाची प्रत काढा आणि मूळ वही दप्तराच्या प्रमुखाकडे पोच घेऊन द्या. मग संस्थाप्रमुखांना उद्देशून एक टिपण लिहा. त्यात भावना नकोत, आणि सहकाऱ्यांवर ठपकाही नको. मदतनिसाने कोणत्या तारखेच्या बैठकीत काय सांगितले होते, ती वही मागवण्याचे समितीकडून आणि तुमच्याकडून कसे राहून गेले, ती आता कोठे व कशी मिळाली, पृष्ठ कोणते, नोंद काय, एवढेच असू द्या. शेवटी मागणी स्पष्ट लिहा : अहवालाचा फेरविचार व्हावा, प्रतिकूल निष्कर्ष मागे घेतला जावा, तो जेथे जेथे कळवला गेला असेल तेथे दुरुस्तीही लेखी कळवली जावी, आणि त्या कर्मचाऱ्याचे अडकलेले पैसे व अनुभवाचे प्रमाणपत्र यांचा निर्णय व्हावा. मागणी जितकी नेमकी, तितकी ती टोलवणे कठीण. जर्मन लेखक क्लाइस्टच्या 1810 मधील ‘मिखाएल कोलहास’ या कथेतील घोड्यांचा व्यापारी भरकटून गावे जाळण्यापर्यंत जातो, तरी त्याची मूळ फिर्याद किती साधी होती हे विसरू नये. घोडे पूर्वी होते तशा स्थितीत परत द्या, माझ्या नोकराला झालेल्या इजेची भरपाई द्या आणि दोषी सरदाराला शासन करा. ती सुरुवातीलाच ऐकली गेली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

टिपण देण्यापूर्वी ते समितीच्या दोन्ही सदस्यांना दाखवावे, असे मला वाटते. तिघांची सही होती. दुरुस्तीवरही तिघांची व्हावी, ही संधी त्यांना द्यायला हवी, आणि तीन सह्यांच्या कागदाला वजनही अधिक असते. मात्र त्यांना एक तारीख सांगा आणि ती उलटली की एकटीच्या सहीने टिपण द्या. अमुक आले की बघू, तमुक बैठकीनंतर ठरवू, अशी ढकलाढकल सुरू झाली की काय होते ते डिकन्सने 1852-53 मधील ‘ब्लीक हाउस’मध्ये दाखवले आहे. जार्नडाइस विरुद्ध जार्नडाइस हा वारशाचा दावा पिढ्यानपिढ्या चालतो, अखेरीस खरे मृत्युपत्र सापडते, आणि तोवर सगळी इस्टेट दाव्याच्या खर्चात संपलेली असते. चौकशीच्या कामकाजाबाबत गोपनीयतेचे काही नियम तुमच्यावर बंधनकारक असतील, तर त्यासाठी सेवाविषयक कायदा जाणणाऱ्या व्यक्तीचा सल्ला आधीच घ्या. सल्ला घेणे म्हणजे कच खाणे नव्हे; नियमाच्या एखाद्या फटीमुळे तुमचे टिपणच बाजूला पडू नये, म्हणून ते आवश्यक आहे.

त्या माणसाला कधी भेटायचे, हा सर्वांत नाजूक भाग. स्वतःच्या अहवालातील चूक दुरुस्त करायला त्याची परवानगी लागत नाही. ती तुमची जबाबदारी आहे. परंतु पुढे काय हवे, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे त्याचा आहे. त्याला तेच काम परत हवे असेल, किंवा त्या इमारतीत पाऊल टाकण्याचीही इच्छा नसेल. फक्त एक कागद हवा असेल, किंवा तुमच्याशी एक शब्दही बोलायचा नसेल. टिपण दाखल झाल्यावर लगेच, विलंब न लावता, त्याला कळवा. सल्ला देणाऱ्याने हरकत घेतली नाही तर प्रतही द्या. भेटलात तर खरे काय ते दोन-तीन वाक्यांत सांगा, चूक झाली हे स्पष्ट शब्दांत म्हणा आणि तुम्हाला काय हवे आहे असे विचारून थांबा. त्याच्यासमोर रडू येऊ देऊ नका, कारण मग तुमची समजूत घालण्याचे कामही त्याच्यावरच येऊन पडेल. तो रागावला तर ऐकून घ्या. त्याने क्षमा केलीच पाहिजे अशी अपेक्षा धरून जाऊ नका; मास्लोवाने नेख्ल्यूदोवला क्षमा केली ती पुष्कळ उशिरा, स्वतःच्या वेळेने. आणि पैशांची मदत करावीशी वाटलीच, तर ती उघडपणे आणि त्याला चालत असेल तरच. संस्थेने द्यायच्या रकमेला पर्याय म्हणून तर मुळीच नको.

हे उत्तर वाचणाऱ्यांत चौकशी समित्यांवर, निवड मंडळांवर, परीक्षकांच्या जागी बसणारे आणखीही असतील, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. आरोप असलेल्या माणसाने नाव घेतलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक साक्षीदार यांची यादी करावी, आणि त्या प्रत्येकासमोर ‘पाहिले’ किंवा ‘का पाहिले नाही’ हे लिहिल्याशिवाय सही करू नये. दिवस मावळताना शेवटचा निर्णय घेऊ नये. तो दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्वांनी मसुदा पुन्हा वाचून घ्यावा. पटत नसेल तर वेगळे मत दोन ओळींत का होईना, लेखी जोडावे. विकर्णाच्या बोलण्याने सभेचा निर्णय बदलला नाही, पण त्या सभेत एकाने तरी योग्य ते सांगितले होते, हे आज आपल्याला माहीत आहे ते तो बोलला म्हणूनच. ज्यांच्यावर अशी चौकशी चालू असेल त्यांनी आपले म्हणणे तोंडी सांगून थांबू नये. कोणती वही, कोणते पान, कोणाची साक्ष, हे लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. फांतीनप्रमाणे, ज्याच्या नावाने निर्णय झाला त्याला तो ठाऊकच नसेल, ही शक्यताही धरून चालावी आणि एकदा तरी वर लिहावे.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की इतके वाचून मिळवले काय. तुम्ही लिहिता की ती वही दिसल्यावर तुम्हाला त्याच क्षणी तो माणूस आठवला, त्याचे वाक्य शब्दशः आठवले. तुमच्या दोन सहकाऱ्यांच्या हाती ती वही लागली असती तर काय झाले असते, हे मला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र ती पुन्हा कपाटात ठेवून झोपता आले नाही. हे वाचनामुळे झाले की मुळातल्या स्वभावामुळे, हे ठरवणे कठीण आहे. पुस्तकांकडे तुम्ही तयार उपायाची मागणी करता, ते मला पटत नाही. शूद्रकाच्या नाटकात वसंतसेना ऐन वेळी जिवंत परत येते आणि अत्याचारी राजा मारला जाऊन नवा राजा गादीवर येतो, म्हणून चारुदत्त वाचतो. अशा उपायांवर कोणाला विसंबून राहता येईल? पण न्यायाधीश नेमका कुठे वाकला, स्थावरकाचे कोणी का ऐकले नाही, हे त्या नाटकात जितके स्वच्छ दिसते तितके ते स्वतःच्या कार्यालयात, स्वतःच्या खुर्चीवरून दिसत नाही.

तेव्हा वाचनमंडळ चालू ठेवा. पुढच्या पुस्तकाला खलनायक कोण, हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून, हे कोणाला आधी थांबवता आले असते आणि त्याने नेमका कोणता प्रश्न विचारला नाही, असे विचारून पाहा. चर्चेत बसलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या कामाच्या जागेवरचे काही ना काही आठवेल. तुमचे स्वतःचे प्रकरण मात्र त्या माणसाला कळण्याआधी मंडळात सांगू नका, नाव वगळूनही नाही. त्याची हकिकत त्याच्या आधी इतरांनी ऐकावी, हे बरोबर होणार नाही. मंडळाची पुढची बैठक या महिन्यात असेल, तर टिपण त्याआधी गेलेले असावे.